थांबावे, पण किती?

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की बारा-तेरा किलोमीटरांवर कर्नाळा येतो. शाळांच्या सहली येथे पक्षी पाहण्यासाठी येतात आणि धडधाकट मुले किल्ल्यापर्यंतही चढून जातात. किल्ल्याच्या माथ्यावर बेसाल्टचा एक सरळसोट सुळका उभा आहे. दुरून तो वर केलेल्या अंगठ्यासारखा दिसतो. हवा स्वच्छ असली तर वरून पश्चिमेकडे मुंबई बंदराचा परिसर नजरेत येतो. त्याच दिशेला, पण बरेच अलीकडे, न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर आहे. महामार्गाने दक्षिणेकडे जाऊन वडखळला वळले की रस्ता अलिबागला पोचतो. तेथे एक जुनी चुंबकीय वेधशाळा आहे.

एकाच जिल्ह्यातील या दोन ठिकाणांचा आणि शाळेच्या संगणक-खोलीचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे तो असा. संगणकाच्या पडद्यावर अधूनमधून सूचना येते, की नवी आवृत्ती तयार आहे, ती आता बसवायची का? आपण बहुधा ‘नंतर’ या शब्दावर टिचकी मारतो. घरी एकच संगणक असतो तेव्हा या ‘नंतर’चे फारसे काही वाटत नाही. परंतु बँक, बंदर, रुग्णालय किंवा शाळा जेव्हा शेकडो-हजारो संगणकांच्या बाबतीत ‘नंतर’ म्हणते, तेव्हा तो एक धोरणात्मक निर्णय असतो. तो कधी शहाणपणाचा ठरतो आणि कधी महागात पडतो, हे या दोन ठिकाणांच्या इतिहासातून चांगले समजते.

शुद्धिपत्र आणि अभ्यासक्रम

प्रथम थोडी पूर्वतयारी करू. संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामध्ये एक मध्यस्थ असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही त्याची परिचित नावे. छपाई करायची असो, फाइल साठवायची असो की कळफलकावरील अक्षर वाचायचे असो, प्रोग्रॅम स्वतः यंत्राशी बोलत नाही. तो या मध्यस्थाला विनंती करतो. साहजिकच मध्यस्थ बदलला की त्याच्या सवयींवर विसंबून लिहिलेले जुने प्रोग्रॅम अडखळण्याची शक्यता असते. प्रिंटर किंवा कार्ड वाचणारे यंत्र चालवण्यासाठी ड्रायव्हर नावाचे छोटे प्रोग्रॅम लागतात. तेही विशिष्ट आवृत्तीसाठी लिहिलेले असतात. प्रयोगशाळांतून दहा-पंधरा वर्षे जुने संगणक एखाद्या महागड्या उपकरणाशेजारी जपून ठेवलेले दिसतात, त्याचे कारण हेच. नव्या आवृत्तीवर त्या उपकरणाचा ड्रायव्हर चालत नाही आणि नवे उपकरण घेण्याइतका पैसा नसतो.

आता एक महत्त्वाचा भेद. शिक्षकांना तो पाठ्यपुस्तकाच्या उदाहरणाने चटकन पटेल. पुस्तकात चूक सापडली की शुद्धिपत्र निघते. पुस्तक तेच राहते, एक ओळ बदलते. अभ्यासक्रम बदलला की मात्र पुस्तकच नवे येते, आणि त्याबरोबर अध्यापनाची पद्धत व प्रश्नपत्रिकेचे स्वरूपही बदलते. म्हणूनच नवा अभ्यासक्रम सर्व इयत्तांना एकाच जूनमध्ये न लावता टप्प्याटप्प्याने लावतात. संगणकातही असेच दोन प्रकार आहेत. सध्याच्या आवृत्तीतील दोष दूर करणारी छोटी दुरुस्ती, म्हणजे पॅच, हे शुद्धिपत्र होय. संपूर्ण नवी आवृत्ती, म्हणजे अपग्रेड, हा नवा अभ्यासक्रम होय. दोन्हींना ‘नंतर’ म्हणता येते, पण दोन्ही ‘नंतर’ची किंमत सारखी नसते.

अलिबागची दोन वर्षे

संगणकाच्या पुष्कळ आधी, एक चालू व्यवस्था बदलून दुसरी आणण्याचा प्रश्न मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपुढे आला होता. ही वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे सुरू झाली. १९०० साली मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परत जाताना जमिनीतही झिरपतो. त्यामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडवून टाकते. वेधशाळा हलवणे भाग होते.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी त्यासाठी अलिबागची जागा निवडली. नव्या इमारतीसाठी दगडसुद्धा पारखून घेतला गेला. आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे कर्नाळ्याचा सुळका ज्याचा बनला आहे तो बेसाल्ट, लोहखनिजामुळे स्वतःच थोडासा चुंबकीय असतो. म्हणून पोरबंदरचा दगड आणला गेला. १९०४ साली अलिबागला नोंदी सुरू झाल्या.

मूस यांनी यानंतर जे केले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. नवी वेधशाळा चालू झाल्याबरोबर त्यांनी जुनी बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे चालू ठेवली. दोन ठिकाणच्या आकड्यांत फरक असणारच. तो किती आणि कसा असतो हे कळल्यावर जुन्या नोंदींची मालिका नव्या मालिकेला जोडता आली. कुलाब्याच्या मोजमापांना त्यानंतरच विराम मिळाला, आणि मुंबईत विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ रोजी. कुलाबा-अलिबागची ही मालिका आजही जगातील दीर्घ चुंबकीय नोंदींपैकी एक म्हणून वापरली जाते. ती सांभाळणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे, हाही एक योग.

मूस थांबले, पण त्यांच्या थांबण्यात तीन गोष्टी होत्या. थांबण्याला कारण होते, थांबण्याच्या काळात दररोज काम चालू होते, आणि थांबणे कधी संपणार हे ठाऊक होते. संगणकाच्या इतिहासाकडे वळताना या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

मंगळवारची सोय

मायक्रोसॉफ्ट कंपनी पूर्वी दुरुस्त्या जशा तयार होतील तशा प्रसिद्ध करी. मोठ्या संस्थांतील संगणक-व्यवस्थापकांची त्यामुळे तारांबळ उडे. कधी कोणती दुरुस्ती येईल याचा नेम नसे, आणि न तपासता बसवली तर पगारपत्रकाचा प्रोग्रॅम बंद पडण्याची भीती असे. मग पुष्कळजण दुरुस्त्या बाजूला ठेवून देत. जुलै २००३ मध्ये विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर अवघ्या २६ दिवसांनी त्याच दोषाचा फायदा घेणारा ‘ब्लास्टर’ हा किडा जगभर पसरला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने नियम केला, की नेहमीच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतील. त्यामुळे संस्थांना तपासणीचे वेळापत्रक आखता येऊ लागले.

येथे एक विचित्र गोष्ट विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. शुद्धिपत्र निघाले की चूक कोठे होती हे सर्वांनाच कळते, चोरालासुद्धा. दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा प्रोग्रॅम शेजारी ठेवून तुलना केली की भोक कोणत्या भिंतीला होते ते समजते. त्यामुळे दुरुस्ती प्रसिद्ध झाल्यावर ती न बसवणारा संगणक पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येतो. येथे नुसता काळ जाऊ देणे म्हणजे आहे त्या जागी राहणे नव्हे, तर मागे पडणे आहे.

नव्या आवृत्तीच्या बाबतीत मात्र थांबणाऱ्यांचे पुष्कळदा भले झाले. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेली विंडोज एक्सपी लोकांच्या अंगवळणी पडली होती. २००७ साली व्हिस्टा ही तिची वारसदार सर्वसामान्यांसाठी आली तेव्हा अनेक जुने प्रिंटर आणि प्रोग्रॅम तिच्यावर चालेनात. बऱ्याच संस्थांनी ती आवृत्ती सरळ ओलांडली आणि २००९ साली आलेली विंडोज ७ स्वीकारली. त्यांचे चुकले असे कोणी म्हणणार नाही.

परंतु एकदा फळलेली युक्ती सवय बनते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, म्हणजे तिच्यासाठी नियमित शुद्धिपत्रे निघणेच बंद झाले. तरीही आपल्या देशातील अनेक एटीएम यंत्रांच्या पोटात तीच चालू होती. पैसे मोजणारे आणि कार्ड वाचणारे भाग तिच्यासाठी बसवलेले, यंत्रे गावोगाव विखुरलेली, आणि प्रत्येक यंत्रापर्यंत माणूस पाठवण्याचा खर्च मोठा. कारणे खरी होती, पण मुदत कोठेच नव्हती. शेवटी ती रिझर्व्ह बँकेने घालून दिली. २१ जून २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना सांगितले, की सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम आधार चालू असलेल्या आवृत्तीवर आणावीत. हा हुकूम एका रात्रीत बदल करण्याचा नव्हता. बदल टप्प्यांनी करायचा होता, पण त्याला शेवटची तारीख होती.

न्हावा-शेवा, जून २०१७

आता कर्नाळ्यावरून पश्चिमेकडे पाहू. जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवते. कंटेनरच्या बंदरात माल डोळ्यांना दिसत नाही, सगळे डबे सारखेच दिसतात. कोणता डबा कोणाचा, कोणत्या ओळीत कितव्या थरावर ठेवला आहे, तो कोणत्या जहाजावर चढायचा, हे सर्व संगणकाला ठाऊक असते. २७ जून २०१७ रोजी या टर्मिनलचे संगणक बंद पडले. कोणता माल कोणाचा हेच सांगता येईना, म्हणून चढ-उतार थांबली. हातांनी नोंदी करून काम चालवण्याची धडपड सुरू झाली.

हे संकट युक्रेनमधून आले होते. तेथील बहुसंख्य कंपन्या करभरणीसाठी एम.ई.डॉक नावाचा प्रोग्रॅम वापरत. हल्लेखोरांनी त्या प्रोग्रॅमच्या दुरुस्त्या पाठवणारा संगणकच ताब्यात घेतला आणि दुरुस्तीच्या वेषात ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम पाठवला. मर्स्कच्या युक्रेनमधील कार्यालयातून तो कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात शिरला. पसरण्यासाठी त्याने दोन वाटा वापरल्या. पहिली वाट म्हणजे विंडोजमधला एक दोष. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केली होती, म्हणजे हल्ल्याच्या १०५ दिवस आधी. याच दोषातून मध्यंतरी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ पसरला होता आणि ब्रिटनमधील रुग्णालयांच्या अंदाजे १९,००० भेटी रद्द झाल्या होत्या. तेथील चौकशीत दिसले, की बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर एक्सपी नव्हे तर आधार चालू असलेली विंडोज ७ होती. आवृत्ती जुनी होती म्हणून ते सापडले नाहीत, शुद्धिपत्र चिकटवले नव्हते म्हणून सापडले.

दुसरी वाट अधिक विचार करायला लावणारी आहे. एका संगणकात शिरल्यावर नॉटपेट्या त्याच्या स्मृतीतून परवलीचे शब्द चोरी आणि ते वापरून शेजारच्या संगणकात जाई. शेजाऱ्याने सर्व दुरुस्त्या वेळेवर बसवलेल्या असल्या तरी त्याची सुटका नसे. लसीकरणाचे उदाहरण येथे आठवते. जाळ्यात जोडलेल्या संगणकांत एकाची दिरंगाई ही त्याची एकट्याची बाब राहत नाही. न्हावा-शेव्याच्या बंदराबाहेर ट्रकमध्ये वाट पाहणाऱ्या चालकाने कोणत्याच सूचनेवर ‘नंतर’ म्हटले नव्हते. तरी त्याचा दिवस बुडाला.

मर्स्कला पुढील दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभारावे लागले. कंपनीने नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे जाहीर केले. जाळ्याच्या सर्व वापरकर्त्यांची नोंद ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरच्या जगभरच्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. एक तेवढी वाचली. ती घाना देशातल्या कार्यालयातली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती! अमेरिकन पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली या घटनेचा वृत्तांत लिहिला. त्यात म्हटले आहे, की काही सर्व्हरांवर तोपर्यंत विंडोज २००० चालू होती आणि सुरक्षाव्यवस्था सुधारण्याची योजना २०१६ मध्ये मंजूरही झाली होती. पैसा मंजूर होता. पण योजना पुरी होण्यावर वरिष्ठांच्या कामाचे मूल्यमापन अवलंबून नव्हते, आणि ती मागे पडत गेली. अलिबागच्या थांबण्यातील तिन्ही गोष्टी येथे नव्हत्या. कोणी ‘थांबू या’ असे ठरवले नव्हते, फक्त कोणी पुढे सरकले नव्हते.

दुसरी बाजू

मग सर्व दुरुस्त्या येताक्षणी बसवाव्यात काय? याचे उत्तर १९ जुलै २०२४ रोजी मिळाले. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रोग्रॅमसाठी माहितीची एक छोटी फाइल सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, भारतीय वेळेनुसार, जगभर एकदम पाठवली. फाइल सदोष होती. ७८ मिनिटांत ती मागे घेण्यात आली, पण तोपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडले होते. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले ते याच दिवशी. अनेक संस्थांनी या प्रोग्रॅमची एक आवृत्ती मागे राहण्याची काळजी घेतली होती. पण माहितीच्या फाइलींना तो नियम लागू नव्हता. त्या थेट येत. ज्या दारावर पहारा होता तेथून संकट आलेच नाही.

नॉटपेट्या खोट्या शुद्धिपत्रातून आला आणि क्राउडस्ट्राइकचा गोंधळ चुकलेल्या शुद्धिपत्रातून झाला. म्हणून थोडे थांबण्याला शास्त्रीय आधार आहे. पण तो आधार ‘थोडे’ या शब्दाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपन्यांनी संस्थांना लांबणीची जी मुभा दिली आहे तिचे आकडेच बोलके आहेत. मायक्रोसॉफ्ट नवी आवृत्ती ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलू देते, मासिक दुरुस्ती मात्र ३० दिवसांपर्यंतच. ॲपलच्या व्यवस्थापित संगणकांवर ही लांबण जास्तीत जास्त ९० दिवसांची असते. अभ्यासक्रमासाठी वर्ष, शुद्धिपत्रासाठी महिना, असाच याचा अर्थ.

शाळेच्या खोलीत

हा प्रश्न आपल्या शाळांच्या दारातही उभा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर आणि सुरक्षा-चिप अनेक शाळांच्या देणगीतून आलेल्या संगणकांत नाही. पैसे भरून दुरुस्त्या मिळवण्याची मुदत संस्थांना जास्तीत जास्त आणखी तीन वर्षे आहे. अशा संगणकांवर लिनक्स बसवता येते. तेही शक्य नसेल तर ते इंटरनेटपासून आणि शाळेच्या इतर संगणकांपासून तोडून, केवळ टंकलेखन किंवा प्रोग्रॅमिंगच्या सरावासाठी वापरता येतात. जोडलेले ठेवणे मात्र बरोबर नाही, कारण त्यांच्या शेजारीच मुलांचे गुण आणि पत्ते असलेला कार्यालयाचा संगणक असतो.

ज्या शाळांत वीस-पंचवीस संगणक आहेत त्यांना मूस यांची पद्धत जशीच्या तशी वापरता येईल. नवी दुरुस्ती प्रथम एकाच संगणकावर बसवावी. त्यावर आठवडाभर नेहमीचे सर्व काम करून पाहावे, छपाईसह. काही बिघडले तर वहीत तारखेनिशी टिपावे. काही बिघडले नाही तर पुढच्या आठवड्यात उरलेल्या संगणकांवर बसवावी. नवी आवृत्ती परीक्षेच्या काळात न घेता सुट्टीत घ्यावी, आणि तिची तारीख आजच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत नेहमी संगणकापासून वेगळी काढून कपाटात ठेवावी. घानाच्या कार्यालयाला जे नशिबाने साधले ते आपल्याला शिस्तीने साधता येते.

वर्गात एक छोटा उपक्रमही घेता येईल. १४ मार्च ते १२ मे आणि १४ मार्च ते २७ जून किती दिवस होतात हे मुलांना मोजायला सांगावे. उत्तरे ५९ आणि १०५ येतील. मग विचारावे, की या दिवसांत कोणी काय तपासायला हवे होते? ज्या दिवसांसाठी मुलांना काही काम सुचेल ते दिवस थांबण्याचे होते. बाकीचे नुसते गेले.

१९०४ साली अलिबागची नवी उपकरणे चालू झाली तेव्हा कुलाब्याची जुनीही उत्तम चालत होती. मूस यांना त्याच दिवशी जुनी बंद करता आली असती, किंवा चालतेच आहे म्हणून बदल लांबवताही आला असता. त्यांनी दोन वर्षे मोजमाप केले, फरक काढला आणि मग कुलाब्याचे काम थांबवले. पडद्यावर पुढची सूचना येईल तेव्हा ‘नंतर’ जरूर म्हणावे, मात्र त्यापुढे तारीख लिहावी.